त्याच्या आधी कुठले?

इंदूताईंना 'मुंबई' हे उत्तर चालायचं नाही.

मला कोणी विचारलं, बाबा तू कुठला, की मी मुंबई सांगून मोकळा होतो. जर्मन माणसाला मुंबई कळते, आमच्या दिल्लीवाल्या मालकाला कळते, आणि व्हिसाच्या ऑफिसातल्या बाईला मुंबईच्या पलीकडचं काही कळून घ्यायची इच्छाच नसते. हॅम्बर्गमध्ये आल्टोनाला एका इंडियन रेस्टॉरंटात मी कुक आहे. शिक्षणाचं म्हणाल तर सातवीपर्यंत मी शाळेत जायचो, पुढे शाळेनेच मला सोडलं. घरी जन्मात पनीर बघितलं नव्हतं, आणि आता जर्मनांना रोज पनीर खायला घालतो. तेही 'अस्सल, अस्सल' म्हणत खातात. दोघंही खूष.

एकदा दुपारी वेटर आत आला आणि म्हणाला, "बाहेर एक बाई आहेत. विचारतायत, डाळीत सोलं कोणी टाकली?"

मालकाची डाळ ठरलेली, त्यात कोकमाची सोलं बसत नाहीत. पण स्वतःच्या जेवणासाठी म्हणून मी चोरून चार टाकायचो आणि कधीकधी विसरून सगळ्याच डाळीत टाकायचो. आता नोकरी गेली, असं म्हणत टॉवेलला हात पुसतोय तोवर बाई स्वतःच किचनच्या दारात. अंगात एकावर एक दोन स्वेटर, आतला लांब आणि बाहेरचा आखूड. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर. खांद्याला कापडी पिशवी, त्यातून झेरॉक्सचे कागद बाहेर डोकावतायत.

"कुठला रे तू?"

"मुंबई."

"मुंबईचं कोणी नसतं. त्याच्या आधी?"

"सिंधुदुर्ग."

"तो जिल्हा झाला. त्याच्या आधी?"

"वेंगुर्ल्याकडे. ताई, गावाचं नाव सांगून उपयोग नाही. नकाशावर माशी बसली तर आमचं गाव झाकतं."

"मग माशी उडव," त्या म्हणाल्या.

मी गावाचं नाव सांगितलं. काय सांगू, इतक्या वर्षांत ते नाव तोंडातून बाहेर आलं नव्हतं. माझं मलाच अनोळखी वाटलं. ताईंनी मान डोलवली, "गेनाऊ," म्हणजे बरोबर, म्हणाल्या, आणि आणखी एक वाटी डाळ मागितली.

ही आमची ओळख. डॉक्टर इंदुमती. मला वाटलं औषधाच्या डॉक्टर, म्हणून दुसऱ्या भेटीत मी त्यांना माझी पाठ दाखवली. त्यांनी बिचाऱ्यांनी बघितलीही. "पाठ चांगली आहे," म्हणाल्या, "पण मी इतिहासाची डॉक्टर आहे. ही कधीपासून दुखतेय एवढंच सांगू शकेन."

त्या इथल्या विद्यापीठात होत्या आणि अभ्यास जपानचा. मराठी बाई, जर्मनीत, जपानचा अभ्यास! आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना हे कधीच पचलं नाही. मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर, पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, ते म्हणायचे, "अहो, मग जपानलाच का नाही गेलात?" ताई म्हणायच्या, "तुम्ही कॉम्प्युटरमध्ये काम करता, म्हणून आत जाऊन बसता का?"

त्यातून आणखी एक कोडं होतं. ताई स्वतः कुठल्या हे कोणालाच माहीत नव्हतं, मंडळात त्यावर पैजा लागायच्या. 'होय की' म्हणाल्या की कोल्हापूरवाले खूष व्हायचे. 'काय करून राहिले' म्हणाल्या की नागपूरवाले खुर्ची पुढे सरकवायचे. माझ्याशी बोलताना एकदा 'खंय चललंस?' म्हणाल्या, तर मी दिवसभर हवेत. संध्याकाळी हवेत असताना गरम झारा हातावर टेकला.

ताईंचं वाचन चालायचं एल्ब नदीवरच्या फेरीबोटीत. बंदरातली ही बोट बसच्याच पासावर चालते. ताई लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्यावर चढायच्या, वरच्या डेकवर बसायच्या आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारत वाचत राहायच्या. थंडी असो, पाऊस असो. मी म्हटलं, "ताई, लायब्ररीत हिटर असतो."

"बोटीने गेलेल्या माणसांवर लिहितेय रे. हिटरजवळ बसून मला ती खोटी वाटायला लागतात."

एकदा मीही बरोबर गेलो. वारा असा, की त्यांच्या मांडीवरचे कागद उडाले. मी शूर माणसासारखी झेप घेतली, रेलिंगला बरगडी आपटली आणि एक कागद हवेतल्या हवेत पकडला. तो निघाला सुपरमार्केटचा, त्यावर बटाट्यांची ऑफर. शंभरेक वर्षांपूर्वी ब्राझीलहून कोणीतरी जपानला घरी लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स तोवर एल्बमध्ये पोहोचली होती. ताई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे. त्यालाही बोटीची सवय होती." आणि मला म्हणाल्या, "बटाटे मात्र वाचवलेस हो."

त्या काय शोधतायत हे मला मंडळाच्या गणपतीत कळलं. जोगळेकरांनी त्यांना दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं, काहीतरी माहितीपर. लोकांना वाटलं, बुलेट ट्रेन आणि फुलांची झाडं. ताई माईक घेऊन म्हणाल्या, "जपानमधल्या एकेका प्रांतातून माणसं ब्राझीलला कॉफीच्या मळ्यात गेली, हवाईला उसात गेली. गावी असताना त्यांना कोणी विचारलं असतं कुठले, तर म्हणाले असते, नदीच्या अलीकडचे. प्रांताचं नाव कोण घेतो? पण परक्या किनाऱ्याला लागली आणि प्रांताप्रांताची मंडळं झाली. आमचं लोणचं वेगळं, तुमचं वेगळं. माणसाला घर सोडल्यावर प्रांत फुटतो. वयात आल्यावर मिसरूड फुटते ना, तसा."

इथवर ठीक होतं. पण पुढे त्या म्हणाल्या, "आता सगळे आपापल्या भागाप्रमाणे बसा बघू. करून बघू."

झालं! हॉलमध्ये खुर्च्यांची जी ओढाताण सुरू झाली! नागपूर एका कोपऱ्यात, कोल्हापूर-सांगली खिडकीशी. सोलापूरच्या एकट्या बाई कोणी घेतंय का बघत मधे उभ्या. पुणेकर उठलेच नाहीत, इतरांनी आपल्याभोवती बसावं असं त्यांचं मत. पाच मिनिटांत प्रसादाच्या मोदकांवरून जुंपली. उकडीचे खरे का तळलेले खरे? कोल्हापूरवाले म्हणाले, उकडीचा मोदक म्हणजे आजारी माणसाचं जेवण. मी कोकणच्या बाजूने तावातावाने उभा राहिलो, आणि तेवढ्यात कोणीतरी माझ्या मोदकांच्या पातेल्याचं झाकण उघडलं. ते सगळे उकडताना फुटले होते. नुसता लगदा. त्यांना कुठलाच प्रांत नव्हता. कोकण त्या दिवशी माझ्यामुळे हरलं.

त्या गोंधळात जोगळेकरांची सहा-सात वर्षांची नात एकटी उभी होती. ताईंनी तिला विचारलं, तू कुठे बसणार? ती जर्मनमध्ये म्हणाली, "मी आल्टोनाची." आणि मधोमध फतकल मारून बसली. सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. डोक्यावरचा चष्मा काढून नाकावरच्या चष्म्यावर लावला आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

आता ताईंच्या जिवाला काय लागलं होतं ते सांगतो. त्यांचं पुस्तक जवळजवळ झालं होतं. ब्राझील झालं, हवाई झालं. राहिलं होतं शेवटचं प्रकरण, जर्मनीचं. साठेक वर्षांपूर्वी जपानी तरुण इकडे ऱ्हाइन नदीच्या बाजूला कोळशाच्या खाणीत कामाला आले होते. करार संपल्यावर बहुतेक परत गेले, थोडे राहिले. त्यातला एक तरी माणूस ताईंना बोलता पाहिजे होता. सापडत नव्हता. कोणी वारलेले, कोणाची मुलं म्हणायची, बाबांना त्रास देऊ नका. आणि इकडे ताईंची नोकरी सप्टेंबरअखेरपर्यंतच होती. तोवर पुस्तक पुरं झालं तर मुदत वाढणार, नाहीतर नमस्कार. इथे विद्यापीठातल्या माणसांनाही दुधाच्या पिशवीसारखी तारीख असते, हे मला तेव्हा कळलं.

"एक माणूस, परब," त्या मला म्हणायच्या. "एकच जिवंत माणूस. मला वाटतं तो म्हणेल, मी क्यूशूचा, जपानच्या दक्षिणेकडच्या खाणींच्या मुलखाचा. बाकीचे सगळे तेच म्हणालेत, आपापल्या प्रांताचं नाव. मग पुस्तक बंद."

मी म्हणायचो, "मिळेल ताई. देव कुठूनतरी पाठवेल."

देवाने कधीच पाठवला होता. मीच दार उघडत नव्हतो.

त्याचं असं झालं. मला सुका बांगडा लागतो. बांगडा फिशमार्क्टला ताजा मिळतो, सुका मिळत नाही. म्हणून मी मीठ लावून, मच्छरदाणी घालून बाल्कनीत वाळत टाकायचो. हॅम्बर्गात मासा वाळत नाही, नुसता विचारात पडतो. आज ऊन, उद्या पाऊस. मग मी टेबलफॅन लावायचो, आणि तो वास फॅनच्या जोरावर सगळ्या बिल्डिंगला वाटून यायचा. एक दिवस हाउसफेरवाल्टुंगने, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या ऑफिसने, जिन्यात नोटीस चिकटवली: इमारतीत 'न ओळखता येणारा वास' येत आहे. मी ओळखला.

तेव्हापासून माझ्या वरच्या मजल्यावरचा म्हातारा, मी बांगडा तव्यावर टाकला रे टाकला की खाली येऊन बेल वाजवायचा. दाराच्या भोकातून बघितलं तर डोळे बारीक करून उभा. मला वाटलं, हाच तो तक्रारखोर. चिनी म्हातारा, असं मी मनात त्याचं नावही ठेवलं. बेल वाजली की गॅस बंद, लाइट बंद, आणि मी दाराशी उकिडवा. तो बिचारा थोडा वेळ थांबून जायचा. दोन हिवाळे मी हे केलं. एकदा पायात असा गोळा आला की दाराशीच आडवा झालो आणि तो जाईपर्यंत तोंडात टॉवेल धरून पडून राहिलो.

एका सोमवारी रेस्टॉरंटला सुट्टी, म्हणून ताई जेवायला आल्या होत्या. तव्यावर बांगडा पडला आणि बेल वाजली.

"ताई, खाली बसा!" मी त्यांच्या स्वेटरला धरून त्यांना खाली ओढलं. "चिनी म्हातारा आलाय. वासाची तक्रार. बोलू नका."

आता बघा, विद्यापीठातली विद्वान बाई आणि मी, दोघं ओट्याच्या आड उकिडवे. ताई कुजबुजल्या, "मी का लपतेय पण?" आणि तेवढ्यात बाहेर म्हातारा स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. ताईंचा चेहरा बदलला. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मी 'नको नको' म्हणेपर्यंत दार उघडलं.

म्हातारा वाकला. त्याच्या एका हातात रिकामी ताटली होती आणि दुसऱ्या हातात सोया सॉसची छोटी बाटली.

भोकातून फक्त तोंड दिसायचं हो. ताटली खाली राहायची.

ताई त्याच्याशी जपानीत काहीतरी बोलल्या, तोही दोन-चार वाक्यं बोलला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा माणूस जपानी आहे, परब. ओगावासान. बायको गेल्यापासून असा भाजलेला बांगडा खाल्ला नाही म्हणतात. आणि मूर्खा, हे खाणीत होते." तेवढ्यात तव्यावरच्या बांगड्याने पेट घेतला आणि छतावरचा राउखमेल्डर, म्हणजे धुराचा भोंगा, बोंबलायला लागला. ऐतिहासिक क्षणी मी स्टुलावर चढून त्याला उशीने बडवत होतो.

मला वाटलं, आता ताई रेकॉर्डर काढणार. छे! त्यांची कामाची पद्धतच वेगळी. समोरचा माणूस स्वतःहून 'तुम्ही काय करता?' असं विचारत नाही तोवर त्या पिशवीला हात लावत नसत. ओगावाआजोबा काही विचारीनात. दर सोमवारी येत, ताटली पुढे करत, खात, 'डांके' म्हणून जात. जून गेला, जुलै गेला. मीच अस्वस्थ. "ताई, विचारा ना! तारीख जवळ आली."

"तुझ्या दारात दोन वर्षं उभा राहिलेला माणूस आहे तो. मी दोन महिने थांबू शकत नाही?"

ऑगस्टमधल्या एका सोमवारी मला राहवेना. ताई भाकरी मोडत होत्या. मी माझ्या तुटक्या जर्मनमध्ये आजोबांना सरळ विचारलं, "तुम्ही कुठले?"

ताईंनी डोळे मोठे केले. आजोबा म्हणाले, "जपान."

"त्याच्या आधी?"

"क्यूशू."

ताईंचा घास हातातच राहिला. हेच तर त्यांना पाहिजे होतं! इथे थांबलो असतो तर पुस्तक पुरं, नोकरी पक्की. पण मी पडलो ताईंचा चेला. जोरात म्हणालो, "त्याच्या आधी?"

आजोबा विचारात पडले. सॉसच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. म्हणाले, "वोनहाइम. दुसरा मजला."

वोनहाइम म्हणजे कामगारांचं हॉस्टेल. मग ते बोलायला लागले आणि बोलतच राहिले. थोडं जर्मन, थोडं जपानी. त्यांचं गाव म्हणजे खाणीजवळच्या त्या हॉस्टेलचा दुसरा मजला. कोणी उत्तरेच्या बर्फातला, कोणी क्यूशूचा. पहिल्या वर्षी सूप गोड करायचं का खारट यावरून मारामाऱ्या. मग सूपच असं काहीतरी झालं की ते कुठल्याच प्रांतात बनत नव्हतं, फक्त त्या मजल्यावर बनायचं. बरेच जण परत गेले. राहिले त्यांनी जर्मन बायका केल्या, पांगले, पण मयताला सगळे यायचे. "आता त्या मजल्याचा मी शेवटचा," आजोबा म्हणाले. "कुठले म्हणून विचारलंत, म्हणून सांगितलं." मग ताईंकडे बघून म्हणाले, "तुम्ही काय करता?"

ताईंनी पिशवीला हात घातला. रेकॉर्डर मिळेना. मग सापडला, तो सोलांच्या पुडीखाली.

आजोबा वर गेल्यावर ताईंनी रेकॉर्डर पिशवीत टाकला. म्हणाल्या, "परब, माझं प्रकरण पडलं."

मला रडायलाच आलं. "ताई, चुकलो. दोनदाच विचारायला पाहिजे होतं. पुढच्या सोमवारी परत विचारतो, दुसऱ्या उत्तरावर थांबतो!"

"खुळा आहेस का? पडलं ते चुकीचं होतं." आणि हसायला लागल्या. "ती जोगळेकरांची नात आठवते? मी आल्टोनाची म्हणाली ती? तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. माणसाला प्रांत नुसता फुटत नाही रे, तो नवा करताही येतो. आता सगळं पुस्तक पहिल्यापासून बघायला लागणार."

"आणि नोकरी?"

"नोकरीला तारीख आहे. या माणसालाही आहे. आधी कोणाचं बघू?"

त्यांच्या प्रोफेसरांनी सांगितलं म्हणे, आहे तसं देऊन टाका, आजोबांना तळटीपेत घाला. ताई म्हणाल्या, ओगावासान तळटीपेत मावत नाहीत. सप्टेंबर संपला, नोकरी संपली. पुढे क्यूशूतल्याच एका लहान कॉलेजात त्यांना वर्षभराचं काम मिळालं. पुस्तक तिथे पुरं करणार होत्या.

निरोप स्टेशनवर नको म्हणाल्या, बोटीवर. पलीकडे फिंकेनवेर्डरला त्यांची मैत्रीण गाडी घेऊन थांबणार होती. सामान आधीच गेलेलं. आजोबा आणि मी लांडुंग्सब्रुकेनला पोचवायला गेलो. मी सुक्या बांगड्याची पुडी नेली होती, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत, त्यावर प्लॅस्टिक. तरी धक्क्यावरचे लोक आमच्यापासून सरकून उभे राहत होते.

आजोबा ताईंना म्हणाले, "तिथे आमच्या गावी जाऊ नका. तिथे आता कोणी नाही. आमचे सगळे इकडेच होते."

ताई वाकल्या. आजोबा त्याहून खाली वाकले.

बोट लागायला लागली तेव्हा मला एकदम सुचलं. इतकी वर्षं ही बाई सगळ्या जगाला विचारत फिरली, आणि आम्ही तिच्याबद्दल पैजा लावण्यापलीकडे काही केलं नाही. म्हटलं, "ताई, तुम्ही कुठल्या?"

त्या थांबल्या. "वडील पाटबंधारे खात्यात. दर तीन वर्षांनी बदली. विदर्भ, बेळगावची बाजू, सावंतवाडी. जिथे जाऊ तिथे आम्ही बाहेरचे. कोणी विचारलं की मी आधीच्या गावाचं नाव सांगायचे." दोन्ही चष्मे काढून त्यांनी स्वेटरला पुसले. "पण पुढचं कोणी विचारत नाही रे. सगळे पहिल्या उत्तरावर समाधानी."

मी 'त्याच्या आधी?' म्हणायला तोंड उघडलं आणि खलाशाने फळी ओढली. माझं हे नेहमीचंच. चुकीच्या वेळी तीनदा विचारतो आणि बरोबर वेळी दोनदाही नाही.

ताई वरच्या डेकवर त्यांच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. दोन स्वेटर, मांडीऐवजी छातीशी धरलेली पिशवी, पिशवीत माझी पुडी. बोट सुटली. शेजारी एक जर्मन बाई उभी होती, फिरायला आलेली असावी. ती ताईंकडे वळून काहीतरी विचारताना दिसली. ताईंनी आधी मान हलवली. मग हात लांब केला आणि सरळ धक्क्याकडे बोट दाखवलं. आमच्याकडे. मी आणि ओगावाआजोबा, दुसरं कोणी तिथे नव्हतं.

काय विचारलं ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. आजोबांना वाटतं, त्या बाईने विचारलं, तुम्ही कुठल्या. मला माझ्या बांगड्याची खात्री आहे. मला वाटतं तिने विचारलं, हा वास कुठून येतोय.

पण उत्तर दोन्हीचं तेच झालं असतं. म्हणून आम्ही भांडत नाही. सोमवारी खातो आणि गप्प बसतो.